व्याह्यांनी दिलेली धडक

अमरावतीच्या अंबापेठेत त्या काळी मोटारी बोटांवर मोजाव्या एवढ्याच होत्या, आणि त्यांतली एकच मोटार बाईमाणूस चालवत असे. ती बाई म्हणजे कमलाकांत वकिलांची सून सरोजिनी. वकिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुलगा हेमचंद्र शाळेत संस्कृत शिकवायचा, आणि मोटारीला इतका भ्यायचा की ती दारात नुसती उभी असली तरी तिला वळसा घालून जायचा. मग दर्यापूरच्या कोर्टात, नाहीतर भातकुलीच्या अशिलाकडे वकिलांना नेणार कोण?

सरोजिनीचे वडील परतवाड्याला डॉक्टर होते. त्यांची मोटार जुन्या धाटणीची, तेलाची टाकी सीटखाली. चिखलदऱ्याचा चढ लागला की तेल इंजिनापर्यंत चढायचं नाही आणि गाडी मध्येच बसायची. त्यावर एकच उपाय होता. गाडी उलटी फिरवायची, म्हणजे टाकी इंजिनापेक्षा वर येते, आणि अख्खा घाट मागे मागे चढायचा. सरोजिनी लग्नाआधी कितीदा तरी तो घाट अशी उलटी चढली होती. सरळ गाडी काय, कोणीही चालवतो, असं तिचं मत होतं.

वकिलांनी सुनेच्या हाती गाडी दिली ती नाइलाजाने, पण खरी चंगळ झाली ती सासूबाईंची. मनकर्णाबाईंचा जन्म स्वयंपाकघर ते अंबादेवी एवढ्या वाटेवर गेलेला. आता त्या कधी कौंडण्यपूर करायच्या, कधी परतवाड्याचा बाजार. शिवाय सूनच चालवणारी, त्यामुळे त्या पुढे, तिच्या शेजारी बसायच्या. परका ड्रायव्हर असता तर मागे, पडद्याआड बसावं लागलं असतं. समोरच्या काचेतून रस्ता धावत अंगावर येतो तो बघायचं त्यांना भारी वेड लागलं होतं. एखादा बैल आडवा आला की त्याच मोठ्याने ओरडायच्या, भोंग्याची गरज पडत नसे. सासू-सुनेचं एवढं कसं जमतं म्हणून पेठेतल्या बायकांना कोडं पडलं होतं. त्याचं उत्तर त्या पुढच्या सीटवर होतं.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण निरांजन लावून द्यायचं, आणि त्याच्या घरच्यांना जिथे बसतील तिथे गादी घालायची. वकिलांची मुलगी चारुशीला अकोल्याला हरिहरपंतांच्या घरी दिली होती. जावई चारुशीलेला घेऊन येणारच होता. पण यंदा हरिहरपंतही निघाले, कारण त्यांनी नवी, लांबलचक काळी मोटार घेतली होती आणि ती अजून अमरावतीने पाहिली नव्हती. नत्थुजी नावाचा चांगला ड्रायव्हर पदरी होता. पण गाडी चालवायची हौस मालकाची, आणि शेजारी बसून देवाचं नाव घ्यायचं काम नत्थुजीचं.

व्याही यायचे म्हटल्यावर सामोरं जायला हवं. वकील सुनेला घेऊन बडनेऱ्यापर्यंत गेले. हारतुरे झाले, चहा झाला, आणि वरात निघाली. पुढे सरोजिनीची हिरवी मोटार, मागे व्याह्यांची काळी. वाटेत रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. सरोजिनीने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि फाटकाशी काकड्या विकत बसलेल्या माळिणीला हाक मारली. मालगाडी अजून लांब होती. सासूबाईंसाठी चार काकड्या घ्याव्यात, एवढाच तिचा विचार होता. तेवढ्यात मागून धाडकन धक्का बसला आणि मागे बसलेले वकील पुढच्या सीटवर येऊन आपटले.

मागे वळून बघते तो काळ्या मोटारीचा एक दिवा फुटलेला, नाक चेपलेलं, आणि हरिहरपंतांच्या एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात उघडा पानाचा डबा. कात-चुना सगळा धोतरावर सांडलेला. हिरव्या गाडीचं मागचं पत्र्याचं अंग पार आत गेलं होतं. दैवाने कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं.

वकील खाली उतरले आणि हात जोडून थेट व्याह्यांपुढे उभे राहिले. "लागलं तर नाही ना तुम्हाला? आमच्या सुनेनं एकदम थांबवली. माफी असावी."

"अहो वकीलसाहेब, ते त मीच..."

"तुम्ही काही बोलूच नका. मुलीकडचे आम्ही. सरोजिनी, पाया पड."

सरोजिनी वाकली. "माझं चुकलं," म्हणाली. वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना तोंडातून हे आपोआप येतं. त्याचा कुणी खरोखरचा अर्थ लावील हे तिच्या मनातही आलं नाही. माळीण मात्र काकड्यांची पाटी सावरत म्हणाली, "वा वो बाई. ठोकलं यायनं, अन् पाया पडून राह्यली थे." ते कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर वकिलांचं डोकं चालू लागलं. गाडीचा विमा होता. अकोल्याची एक कंपनी होती, तिच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की आपल्या चुकीने दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान झालं तर तेही कंपनी भरून देईल. वकिलांना वाटलं, देव पावला. चूक आपली दाखवली की व्याह्यांची गाडी कंपनीच्या पैशाने दुरुस्त होते, व्याह्यांच्या नावाला बट्टा लागत नाही आणि चारुशीलेला सासरी कुणी "तुझ्या माहेरच्यांनी आम्हाला चूक दाखवली" असं म्हणू शकत नाही. जावयाच्या बापाला दोष देणं म्हणजे त्यांच्या लेखी गाईला काठी मारण्यासारखं होतं. अडचण एकच होती. उभी गाडी मागच्या गाडीला धडकते कशी? पण वकिली उगाच नव्हती केली. त्यांनी हेमचंद्राला समोर बसवून मजकूर सांगितला: फाटकापाशी आमची मोटार मागे आली व मागील मोटारीवर आदळली, कारण चालविणाऱ्या व्यक्तीस मोटार मागे घेण्याचे पुरेसे ज्ञान नव्हते.

हे सरोजिनीने वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "थांबवली" म्हणाले असते तर तिने गिळलं असतं. "भोंगा वाजवला नाही" म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मागे घेण्याचं ज्ञान नाही? अख्खा चिखलदरा जी उलटी चढली, तिला?

कंपनीचं उत्तर लगेच आलं. आमचा माणूस येऊन पाहील, तोवर दोन्ही गाड्यांना हात लावू नये. नुकसान भरून मिळेल. मात्र दोष सिद्ध झाल्यास सदर बाईंनी यापुढे मोटार चालवू नये, नाहीतर विमा बंद.

"ठीक आहे," वकील म्हणाले. "ड्रायव्हर ठेवू. तूही दमतेस."

सरोजिनी दमत नव्हती. त्या स्टेअरिंगमागे बसली की ती कुणाची सून नसायची, कुणाची वहिनी नसायची, नुसती सरोजिनी असायची. हे सासऱ्यांना सांगायचं कसं, तेच तिला कळेना. मनकर्णाबाईंना मात्र सगळं न सांगता कळलं होतं. त्या रात्रीच्या स्वयंपाकाला भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हंजे मी आता मांगं बसू? पडद्यात?" आणि भाकरी अशी आपटली की तव्याने आवाज केला.

इकडे व्याही अडकून पडले. गाडी हलवायची नाही, आणि आलो मोटारीने तर रेल्वेने परत जायचं नाही, हा हरिहरपंतांचा बाणा. मुक्काम लांबला. रोज पुरण, रोज तूप, रोज जावयाला आग्रह. काळी मोटार गल्लीच्या तोंडाशी झाकून ठेवली होती, आणि तिला बघायला अमरावती लोटत होती, पण हरिहरपंतांनी योजलं होतं तसं नव्हे. ते अधूनमधून तोंड उघडायचे.

"वकीलसाहेब, त्या दिवशी असं झालं का..."

"अजून एक धोंडा घ्या."

"नाही, मी म्हणतो का गाडी त माह्याच..."

"तूप वाढ गं व्याह्यांना."

खोटं कशाला बोला, पहिल्या दिवशी हरिहरपंतांनाही हे बरं वाटलं होतं. आपली चूक कुणीतरी हात जोडून उचलून नेतंय, कुणाला आवडणार नाही? पण सरोजिनी रोज खाली मान घालून त्यांच्या ताटात तूप वाढायची, आणि रोज त्यांचा घास थोडा थोडा जड होत गेला. तिला ते दिसत होतं. राग धरावा म्हटलं तरी तिला त्यांचा राग येत नव्हता. तिला राग आला होता तो त्या कागदावरच्या एका वाक्याचा.

अखेर कंपनीचा माणूस आला. शालिकराम त्याचं नाव. अकोल्याकडचाच गडी, डोक्यावर काळी टोपी, पायांत चिखलाने माखलेले बूट, आणि बोलणं तासलेल्या लाकडासारखं. नेमका त्याच दिवशी जावयाला वाण द्यायचं ठरलेलं होतं, त्यामुळे घरचे सगळे रेशमी वस्त्रांत, आणि शालिकराम मोटारीखाली आडवा. बाहेर येऊन त्याने हात झटकले.

"वकीलसाहेब, तुमची गाडी मांगून चेपली, याहिची पुढून. त्यात वाद नाही. पन कागदावर लिवलं हाय का तुमची गाडी मांगं गेली. फाटक लागलं असताना मानूस मांगं कावून जाईन? घरी काही राह्यलं होतं काय?"

"उतार आहे तिथे," वकील म्हणाले. "तिला जमलं नाही."

शालिकरामने सरोजिनीकडे पाहिलं. "बाईसाहेब, असंच झालं काय?"

सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. चारुशीलेचा चेहरा पांढरा पडला होता. सरोजिनी म्हणाली, "मामंजींनी लिहिलंय तेच."

"मले लिवलेलं नाही, पाह्यलेलं लागते. कंपनीचा कायदाच हाय तसा. गाडी इथून मांगं घ्या, गल्लीतून, अन् थ्या काळ्या गाडीपाशी न्या. कशी काय जमत नाही थे मले पाहू द्या."

आता आली का पंचाईत. गल्ली वाकडी. मधे विहीर, पुढे शेजाऱ्याच्या बैलगाड्यांची जोखडं बाहेर आलेली, आणि वळणावर कडुलिंब. सरोजिनी गाडीत बसली. वकील चाचपडत खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, जरा वेडीवाकडी घे. कुठं घासली तरी चालेल. चारूच्या घरचा प्रश्न आहे."

त्यांचा आवाज कधी नव्हे तो विनवणीचा होता. त्यांचे न दिसणारे डोळे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. सरोजिनीला भरून आलं. या माणसाने लाज बाजूला ठेवून तिच्या हाती गाडी दिली होती, सारी पेठ नावं ठेवत असताना. "बरं," ती म्हणाली. घेऊ वेडीवाकडी. गाडी काय, पुन्हा कधी तरी चालवता येईल, नाहीतर नाही.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि मनकर्णाबाई आत येऊन बसल्या. अंगावर पैठणी, मांडीवर चांदीचं ताट, ताटात तेहतीस अनारसे रचलेले आणि वर पेटतं निरांजन.

"हे काय सासूबाई?"

"जावईबाप्पू तिकडं थ्या गाडीपाशी उभे हायेत. वाण तिथंच नेऊन देते. जाणारच हायेस तर पायी कावून जाऊ?" त्यांनी आपल्या बाजूची काच वर केली, ताट दोन्ही हातांनी धरलं आणि सुनेकडे न बघता खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुह्या मामंजीनं काय सांगतलं थे मी ऐकलं. आता माहं ऐक. निरांजन विझलं का वाण बाद. अन् पुन्हा तेहतीस अनारसे तळाचं बळ माह्या अंगात नाही."

"पण सासूबाई, चारूवन्सं..."

"चारू माही पोरगी हाय, तिचं मी पाहीन. तू मांगं पाह्य."

सरोजिनीने मागे पाहिलं. मग तिला हसूच आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. एकीकडे सासऱ्यांचा शब्द आणि एकीकडे सासूचं निरांजन. शास्त्रात काय लिहिलंय ते हेमचंद्राला विचारावं, तर तो बिचारा कधीच विहिरीआड जाऊन उभा राहिला होता. तिने दाराबाहेर मान काढली, गिअर टाकला आणि गाडी मागे सोडली.

विहीर गेली. जोखडांच्या टोकापासून पत्रा बोटभर अंतरावरून गेला. शालिकराम गाडीबरोबर चालता चालता मागे पडला. वळणावर कडुलिंबाला वळसा घालताना तिने एकदाही ब्रेकचा धक्का बसू दिला नाही, आणि मनकर्णाबाई ताटातल्या ज्योतीकडे बघत बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. गल्लीतल्या बायका ओट्यांवर आल्या. काळ्या मोटारीच्या चेपलेल्या नाकापासून वीतभर अंतरावर हिरवी मोटार येऊन थांबली, इतकी हलकी की अनारशांवरची खसखससुद्धा सांडली नाही. निरांजन तेवत होतं.

मनकर्णाबाई खाली उतरल्या आणि जावयापुढे ताट धरलं. "घ्या बाप्पू," म्हणाल्या, जणू वाण असंच देतात.

वकील काठी टेकत गल्लीतून आले. "काय झालं? घासली का?" त्यांनी विचारलं. मग बोलले ते हरिहरपंत. ते समोरच्या ओट्यावर जाऊन बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सगळ्यांकडे पाठ केली.

"मी रुसलो," ते म्हणाले.

व्याही रुसणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. व्याही रुसला की मुलीकडच्यांनी तो मागेल ते द्यायचं, आणि तो हसेपर्यंत कुणी पानावर बसायचं नाही. वकील काठी टेकत घाईघाईने ओट्यापाशी आले.

"अहो, पण झालं काय? आमचं काही चुकलं का?"

"तेच म्हणतो. तुमचं काहीच नाही चुकलं, अन् तुमी मले थे बोलू देऊन नाही राह्यले. लग्नात मी रुसलो नव्हतो, वकीलसाहेब. आठवते ना? साऱ्या अकोल्याचे व्याही रुसतात, मी नाही रुसलो. थो रुसवा बाकी हाय माहा. आज मांगतो. गाडी मी ठोकली, पानाचा डबा उघडता उघडता. ही चूक माह्या नावानं लिवा, तवाच मी पानावर बसीन."

"हरिहरपंत, असं कसं? लोक काय म्हणतील, मुलीकडच्यांनी..."

"व्याह्याचा रुसवा मोडता तुमी?"

वकील पेचात पडले. व्याह्याला दोष द्यावा तर रीत मोडते, न द्यावा तरीही रीत मोडते. दोन्हीकडून रीतच. मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या, आणि त्या हसत होत्या हे सरोजिनीला नुसत्या खांद्यांवरून कळत होतं.

शेवटी वकिलांनी शालिकरामला विचारलं, "मग यांच्या गाडीचं काय होईल?"

"काय व्हायचं? याहिचा विमाही आमच्याच कंपनीत हाय. या खिशातून नाही काढला त थ्या खिशातून काढू. मले फक्त चालवणारा कच्चा कोन हाय एवढंच लिवाचं होतं." त्याने हरिहरपंतांकडे पाहिलं. "मालक, तुमची चूक लिवली का यापुढं गाडी तुमाले चालवता नाही येनार. नत्थुजीच चालवन."

हरिहरपंतांचा चेहरा क्षणभर उतरला. नवी गाडी होती, हौस होती. नत्थुजीने आभाळाकडे बघून हात जोडले. इतक्या दिवसांची त्याची प्रार्थना पोचली होती. मग हरिहरपंतांनी सरोजिनीकडे पाहिलं आणि पागोटं डोक्यावर चढवलं. "लिवा," म्हणाले.

नवा मजकूर वकिलांनी तिथेच, ओट्यावर बसून सांगितला. "आमची मोटार फाटकापाशी थांबलेली होती. ब्रेक ओढलेला होता. मोटार माझी सून चालवीत होती." त्यांनी काठी ओट्याला टेकवून ठेवली. "तिला मोटार पुढे आणि मागे, दोन्हीकडे उत्तम चालवता येते. हे लिही हेमचंद्रा, गाळू नको." मग त्यांनी हाताने चाचपत सुनेचा हात शोधला. मोटारीची किल्ली तिच्याच मुठीत होती. त्यांनी ती मूठ वरून दाबून बंद केली.

जेवणं उशिरा झाली, पण हरिहरपंत त्या दिवशी जेवले तसे आठवडाभरात जेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी काळी मोटार मिस्त्रीकडे गेली, नत्थुजी तिच्यासोबत राहिला, आणि व्याह्यांना अकोल्याला पोचवायला हिरवी मोटार निघाली. मागून चेपलेली का असेना, चालत होती झकास.

हरिहरपंत आपल्या मानाने पुढच्या दाराशी आले आणि त्यांनी दार उघडलं. आत मनकर्णाबाई बसल्या होत्या. मांडीवर काकड्यांची पिशवी होती.

"अगं," वकील मागून घाबरून म्हणाले, "व्याह्यांना पुढं बसू दे."

मनकर्णाबाई हलल्या नाहीत. "बाकीचे सारे मान तुमचे, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "पन ही जागा माही हाय. तुमी मांगं बसा."

हरिहरपंतांनी एकवार त्यांच्याकडे, एकवार सरोजिनीकडे पाहिलं. मग दार हळूच लावलं आणि मागे, वकिलांच्या शेजारी, अंग चोरून बसले. सरोजिनीने मागे नजर टाकली, गिअर टाकला, आणि गल्लीतून गाडी बाहेर काढली ती उलटीच.